सतरा ग्रुप, सतरा पीपीटी आणि एक मानस

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर इकॉनॉमिक्स शिकवते. गेल्या वर्षी शाश्वत विकासाचा पेपर माझ्या गळ्यात पडला. वर्गात बीए, बीकॉम, बीएस्सी मिळून ५१ मुलं. संयुक्त राष्ट्रांची उद्दिष्टं सतरा म्हणून ग्रुप सतरा केले, पीपीटी सतरा झाल्या, निम्म्यांवर हातात धरलेल्या हिरव्या पृथ्वीचा तोच फोटो. यंदा वरून सांगितलंय की प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग करा, सगळ्या शाखा एकत्र आणा. मला केमिस्ट्रीतलं काही येत नाही, बीएस्सीवाले बीएवाल्यांना मोजत नाहीत, ग्रुपमध्ये एकच मुलगी राबते आणि बाकीचे नाव घालतात. मार्क कसे देऊ? आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शेवटच्या लेक्चरला एका मुलाने विचारलं, मॅडम, मायनिंग बंद झालं तेव्हा आमच्या बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचे हप्ते चालूच, ते सस्टेनेबल होतं का? मी गप्प बसले. – गोंधळलेली मॅडम"

बाय,

हिरव्या पृथ्वीचा फोटो मी पण तपासलाय गो, माझ्या वेळी तो कॅलेंडरवरचा कापून चार्ट पेपरवर डकवलेला असायचा एवढाच फरक. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि पर्यावरणाचा पेपर तेव्हाही असाच कोणाच्या तरी गळ्यात पडायचा, बहुतेक वेळा ज्याचं वर्कलोड कमी भरतं त्याच्या.

आधी ट्रकवर येते, कारण तुझ्या सगळ्या पत्रात खरा प्रॉब्लेम तेवढाच एक आहे, बाकी मॅनेज होण्यासारखं आहे. तू गप्प बसलीस ते चालेल, चुकीचं काहीतरी बोलून मोकळी झाली असतीस तर पोराने परत तोंड उघडलं नसतं. पण यंदा पहिल्याच लेक्चरला तो प्रश्न फळ्यावर लिही, नाव न घेता. आणि खाली शाश्वत विकासाची व्याख्या लिही, पण पूर्ण. आपण सगळे अर्धीच शिकवतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातलं ते वाक्य, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, ते मुलांना पाठ असतं, पण त्याच्या लगेच पुढे लिहिलंय की गरजा म्हणजे विशेष करून जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा आणि त्यांना सगळ्यात आधी जागा द्यायची. हा भाग कुठल्याच पीपीटीत येत नाही. म्हणजे तो पोरगा विषय सोडून काही विचारत नव्हता, तो व्याख्येची दुसरी ओळ विचारत होता.

आता तुला वाटेल की मग मायनिंगच घेऊया की यंदाचा प्रॉब्लेम म्हणून. नको. पहिल्या वर्षी तरी नको. एक तर ते एवढं मोठं आहे की मुलं पुन्हा गुगलवर जाणार आणि २०१२ साली बंद झालं, मधे थोडं सुरू झालं, ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत बंद झालं, ही टाइमलाइन स्लाइडवर चिकटवून मोकळी होणार. दुसरं म्हणजे तुझ्या वर्गात डिचोली-सत्तरी-सांगेची मुलं असतील तर बाजू घरातूनच ठरून आलेली असते, एकाच्या घरी ट्रक, दुसऱ्याच्या घरी शेतात आलेला गाळ, आणि तू नवीन आहेस, ते भांडण तुला आवरणार नाही. ते दहाव्या आठवड्यासाठी राखून ठेव, सांगते पुढे.

ही पद्धत मुळात आली कुठून ते माहीत असलेलं बरं, कारण 'प्रॉब्लेम बेस्ड' म्हणजे प्रोजेक्टला दिलेलं नवं नाव असंच आपल्याकडे बरेच जण समजतात. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलने १९६९ मध्ये हे सुरू केलं. तिथल्यांचं म्हणणं साधं होतं, मुलं दोन-दोन वर्षं ॲनाटॉमी, फिजिओलॉजी वेगवेगळं घोकतात, पण पेशंट काही ॲनाटॉमीचा पेशंट म्हणून दारात येत नाही, तो पोटात दुखतंय म्हणून येतो. मग पेशंटची केस आधी द्यायची, आणि ती सोडवायला जे लागतं ते मुलांनी शोधून शिकायचं. मग हॉलंडमध्ये मास्त्रिख्त, डेन्मार्कमध्ये आल्बोर्ग असं ते पसरलं आणि आल्बोर्गमध्ये १९७४ पासून इंजिनियरिंगपासून समाजशास्त्रापर्यंत सगळी मुलं सेमिस्टरभर ग्रुपमध्ये एकेका प्रश्नावर काम करतात. यातली कळीची गोष्ट क्रमाची आहे. आधी प्रश्न, मग शिकणं. आपण उलटं करतो, आधी बारा लेक्चर आणि शेवटी प्रोजेक्ट, म्हणजे जेवण झाल्यावर भूक लागायला सांगायचं.

आणि शाखांचं म्हणशील तर नुसतं एका बाकावर बसवून त्या एकत्र येत नाहीत. बीएस्सीवाला पाणी तपासतो, बीकॉमवाली खर्च काढते, बीएवाला प्रस्तावना लिहितो (त्याला दुसरं काही देतच नाही कोणी), शेवटी तीन फायली जोडून स्पायरल बाइंडिंग. तू पण बघितलं असशील हे. प्रश्नच असा निवडायचा की एकाचं काम दुसऱ्याशिवाय अडलं पाहिजे, अक्षरशः अडलं पाहिजे, आकडा पुढे सरकता नये. असा प्रश्न मिळाला की मोजत नाहीत वगैरे तक्रारी आपोआप कमी होतात, कारण गरज पडते.

तू फोंडा तालुक्यात आहेस म्हणून सांगते, जुवारी नदीच्या अंगाला जा. मडकई, दुर्भाट, बोरी, शिरोडा, ह्या बाजूला खाजनं आहेत, म्हणजे नदीकाठची बांध घालून राखलेली खारी शेतं. तुझी अर्धी मुलं रोज बसमधून ती बघत येत असतील आणि त्यांना वाटत असेल पडीक जमीन आहे. त्यातली एक मानस निवड. एकच. खाजन शेती हा विषय नको, गोव्यातली खाजनं नको, एका गावातली एक मानस.

मानस बघितली नसशील तर सांगते. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवायला मातीचा बांध, आणि बांधात एके ठिकाणी पाणी आत-बाहेर करायला जो दरवाजा तो मानस. जुनी लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं, वीज नाही, मोटर नाही. जूनच्या पहिल्या पावसात जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मग पेरणी, आणि भात पण असं की थोडा खार सोसेल, कोरगुट वगैरे. पूर्वी बांधाचं आणि मानशीचं सगळं गावकारी, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार करणारी गावकऱ्यांची संस्था, बघायची, पोर्तुगीज अमलात तिचीच कोमुनिदाद झाली. आत पाण्याबरोबर मासळी येते, सुंगटं म्हणजे कोळंबी येते, म्हणून मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो.

आणि इथेच तुझा प्रॉब्लेम आहे. ज्याने लिलावात पैसे ओतले त्याला खारं पाणी जास्त आत यायला हवं, म्हणजे मासळी जास्त. ज्याचं भात आहे त्याला ते नको. काही कुळांनी शेती सोडली, कारण मजुरी परवडत नाही आणि पोरगा कुंडईच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये कामाला. सोडलेल्या शेतात खार चढला, खारफुटी वाढली, आणि एकदा खारफुटी वाढली की कायद्याने तिला हात लावता येत नाही, म्हणजे परत शेती करतो म्हटलं तरी वाट बंद. पण तीच खारफुटी बांधाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर बांध वाचवते! सांग आता, खारफुटी चांगली की वाईट? सतरा उद्दिष्टांमध्ये नंबर १४ समुद्रातल्या जिवांचा, १५ जमिनीवरच्या, २ भुकेचा, ८ रोजगाराचा, त्या एका मानशीवर चारही जण एकमेकांच्या उरावर बसलेत. सतरा ग्रुप करायची गरजच नाही.

मुलांना पहिल्या दिवशी एक पान दे, जास्त नको. त्यात गोष्ट लिही, की अमुक गाव, मानशीची एक फळी कुजलीय, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत, पावसाला चार महिने आहेत, खर्च कोणी करायचा आणि दार किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवायचंय. बास. 'खाजन' ह्या शब्दाची व्याख्या सुद्धा देऊ नकोस. मग त्यांना विचार, यातलं काय कळलं नाही, तुम्हाला काय वाटतं कशामुळे होतंय, आणि शोधायचं काय ठरतंय. मास्त्रिख्तवाल्यांनी याच्या सात पायऱ्या केल्यात पण तू सातच्या नादाला लागू नकोस, हे तीन प्रश्न प्रत्येक आठवड्याला विचारलेस तरी पुष्कळ.

मग अडणं कसं होतं बघ. बीएस्सीवाले बाटल्या घेऊन जाणार, दुपारी बाराला पाणी भरणार, खार मोजणार आणि आकडा घेऊन येणार. तो आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज बाराला ओहोटी असेल तर आठवड्याने बाराला भरती. हे त्यांना पुस्तकाआधी मानशीवरचा माणूस सांगेल, आणि त्याच्याशी बोलेल कोण, तर तो बीएवाला ज्याला लोकांच्या ओसरीवर बसून गप्पा मारता येतात. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला वेगळा आकडा, अष्टमीच्या भांगेला, भरती कमी चढते तेव्हा, वेगळा. मग बीकॉमवाली भाताचं नुकसान काढायला बसते आणि तिला कळतं की 'खार वाढला' एवढ्याने हिशेब होत नाही, भाताला रोपाच्या वयात आणि फुलोऱ्याच्या वेळी खार सगळ्यात जास्त लागतो, मधल्या काळात तेवढा नाही, म्हणजे तिला बीएस्सीवाल्यांकडून तारखांसकट आकडे हवेत, आणि ते त्यांनी घेतलेलेच नाहीत. गेले परत. ही परत जायची चक्कर म्हणजेच तुझा कोर्स, ती वाचवायला जाऊ नकोस.

इतिहास-मराठीच्या मुलांना मोठं काम आहे, प्रस्तावनेचं नाही. पूर्वी बांध कोण दुरुस्त करायचं, कधी, दंड काय होता, मध्यरात्री बांध फुटला तर कोणाला उठवायचे, हे म्हाताऱ्यांकडून काढायचं. मग कुळ कायदा. १९६४ चा कायदा, त्याला पुढे सत्तरच्या दशकात झालेली 'कसेल त्याची जमीन'वाली दुरुस्ती, त्याने कुळाला जमीन मिळाली हे फार मोठं काम झालं आणि त्याबद्दल मी वाकडं ऐकून घेणार नाही, माझ्या सासरच्यांना जमीन त्यातच मिळाली. पण बांधाची जबाबदारी पण गावकारीकडून कुळांच्या संघटनेकडे आली, आणि सगळ्याच संघटनांनी ती सारखी पेलली नाही. म्हणजे बीएस्सीवाल्यांना जो खार मीटरवर दिसतो त्याचं एक कारण कायद्याच्या पुस्तकात आहे. हे जेव्हा एखाद्या केमिस्ट्रीच्या पोराच्या डोक्यात शिरतं ना, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

तुला केमिस्ट्री येत नाही ते उत्तमच आहे खरं तर. तुला उत्तर माहीत असलं की तू सांगून टाकशील. तुझं काम विचारायचं, हे कशावरून, आणि हे दुसऱ्या ग्रुपला पटलं का. खार मोजायचा कंडक्टिव्हिटी मीटर लॅबमध्ये असतोच, लॅब असिस्टंटला चवथीचे लाडू दे आणि दोन तास उसने माग. सहकाऱ्यांना 'टीम टीचिंग करूया' असं म्हटलंस तर सगळ्यांना अचानक नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम आठवेल. त्याऐवजी दोन तास माग, मुलांचे पाच ठरलेले प्रश्न हातात देऊन. तेवढ्याला कोणी नाही म्हणत नाही.

मार्कांचं. एक मुलगी राबते ह्याला उपाय म्हणून ग्रुप लहान करू नकोस, सहा-सात जणांचे कर, तिन्ही शाखा प्रत्येकात, म्हणजे तुझे आठेक ग्रुप होतील, सगळ्यांना तीच मानस. हो, तीच. आठ ग्रुप एकाच मानशीवर आठ वेगळी उत्तरं घेऊन आले की खरी चर्चा होते. रिपोर्टला अर्ध्यापेक्षा कमी मार्क ठेव. बाकीचे तोंडी, आणि तोंडीत उलटं विचारायचं: खाराचा ग्राफ बीकॉमवालीने समजावून सांगायचा, लिलावाचा हिशेब बीएस्सीवाल्याने, आणि भरतीचं वेळापत्रक बीएवाल्याने. हे पहिल्या दिवशीच सांगून ठेव. नुसतं नाव घालणारा तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे राबणाऱ्या मुलीला बाकीच्यांना शिकवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय वही, प्रत्येकाची स्वतःची, हाताने लिहिलेली, आठवड्याला एक पान: ह्या आठवड्यात माझं कुठलं मत बदललं आणि कोणामुळे. एआयने लिहिलेलं ओळखायचं कसं म्हणून तू पुढच्या पत्रात विचारशीलच, म्हणून आत्ताच सांगते, त्या एआयला त्या मानशीवर कोण बसतो आणि त्याने काय शिवी दिली ते माहीत नसतं. वहीत माणसं दिसली पाहिजेत.

आता माझीच एक गोष्ट, अभिमानाची नाही. फार वर्षांपूर्वी मी पण मुलांना अशाच एका गावात घेऊन गेले, बस, बॅनर, फॉर्म, सगळं. एका घरी आजोबा फॉर्मकडे बघत राहिले आणि म्हणाले, मागच्या वर्षी पण एक कॉलेज आलं होतं, हेच विचारून गेलं, तुम्ही तरी परत येणार का? मी येऊ म्हटलं. गेले नाही गो. परीक्षा आल्या, मग बदली, मग राहिलंच. मुलांना छान मार्क पडले आणि त्या गावाला त्यांच्याच मानशीबद्दल आम्ही काय शोधलं ते कधी कळलं नाही. तू असं करू नकोस. शेवटचं प्रेझेंटेशन कॉलेजच्या एसी हॉलमध्ये ठेवू नकोस, गावात ठेव, देवळाच्या मंडपात नाहीतर पंचायतीच्या हॉलमध्ये, प्रोजेक्टर नसला तर चार्ट पेपर, मराठी-कोकणीत, आणि लिलाव घेणारा आणि शेतकरी दोघं समोर बसलेले असू देत. मुलांची भाषा बघ कशी सुधारते. 'स्टेकहोल्डर' म्हणायची हिंमत होत नाही समोर स्टेकहोल्डर बसलेला असला की.

आणि तोडगा निघेलच असं नाही. एखादा ग्रुप येऊन सांगेल की आम्हाला दोन्ही बाजू पटतात आणि पावसाआधी फक्त फळी बदलणं शक्य आहे, खर्च असा असा वाटून. त्यांना कमी मार्क देऊ नकोस, 'जनजागृती करावी' असं लिहिणाऱ्यांना दे कमी.

दहाव्या आठवड्याचं राहिलं. तोपर्यंत मुलांना कळलेलं असेल की एखादी गोष्ट थांबवली किंवा चालू ठेवली की बिल कोणाच्या तरी दारात जातं. तेव्हा फळ्यावरचा तो ट्रकचा प्रश्न परत काढ. एप्रिल २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खनिजाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली होती आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायला सांगितली होती, ते त्यांना वाचायला दे. पुढच्या पिढीचा हिस्सा कोर्टाने टक्क्यात सांगितलाय, मग ट्रकवाल्याचा किती, आणि शेतात गाळ आलेल्या शेतकऱ्याचा किती, हे त्यांनाच मांडू दे. तू इकॉनॉमिक्सची आहेस, इथे तुला गप्प बसायचं कारण नाही. त्या मुलाला जमलं तर बोलव, आता सीनियर झाला असेल, पण आधी एकट्याला विचारून, आणि तो नको म्हणाला तर विषय सोड.

बाकी, मानशीवर पहिल्यांदा तू एकटी जा, मुलांना न घेता, ओहोटी बघून, आणि चपला घालून जाऊ नकोस, बांधावरच्या चिखलात माझी एक अजून तिथेच आहे. लिलाव कोणी घेतलाय ते पंचायतीच्या बाजूच्या चहाच्या गाड्यावर कळेल.

– ताई